टाकी वाहण्याची दोन कारणे: घरी जुळवलेल्या सर्किटचे जवळून छायाचित्रण

गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे एक सर्किट मी सहा वर्षांपूर्वी घरी जुळवले. पुण्यातल्या बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीतून आणलेला झिरो पीसीबी (ओळीने भोके पाडलेला तयार बोर्ड), दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा एक रिले (कॉइलमधल्या प्रवाहाने चालणारा स्विच), त्याच्या कॉइलवर उलटा जोडलेला १एन४००७ डायोड, काही रेझिस्टर, दोन एलईडी आणि टाकीतल्या स्टीलच्या पट्ट्यांकडून येणाऱ्या वायरी जोडण्यासाठी तीन पायांचा स्क्रू कनेक्टर, एवढाच त्याचा पसारा आहे. रिले थेट पंप चालवत नाही. तो फक्त काँटॅक्टरची, म्हणजे जड प्रवाहाच्या मोठ्या स्विचची, कॉइल चालू-बंद करतो आणि पंपाचा प्रवाह काँटॅक्टर पेलतो. पहिल्या पावसाळ्यातली एक छोटी दुरुस्ती सोडली, तर पाच वर्षे या सर्किटने त्रास दिला नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र महिन्यातून एखाद्या वेळी टाकी भरूनही पंप चालूच राहू लागला आणि पाणी गच्चीवरून जिन्यात उतरू लागले. पट्ट्यांवर क्षार साचले असतील असे समजून मी त्या दोनदा घासून पुसल्या, वायरी बदलल्या, पण कायमचा फरक पडला नाही.

त्याच सुमारास सांगलीच्या माझ्या भाच्याने हेच सर्किट आपल्या घरी बसवायचे ठरवले. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोल्डरिंगचा हात चांगला आहे. वहीतली सर्किटची आकृती मी त्याला पाठवली होती, परंतु ती आकृती मूळ रचनेची होती. पहिल्याच पावसाळ्यात दमटपणामुळे पाणी नसतानाही ट्रान्झिस्टर चालू होऊ लागला, तेव्हा बेस (ट्रान्झिस्टरला चालू करणारा पाय) आणि ग्राउंड यांच्यामध्ये मी दहा किलोओहमचा एक रेझिस्टर वाढवला होता, आणि वहीत तो उतरवायचा राहून गेला होता. त्यामुळे प्रत्यक्ष बोर्ड कसा आहे हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे मी त्याला पाठवलेली छायाचित्रे होती. ती मी एका रात्री, जेवणानंतर, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली मोबाइलने काढली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या फोटोत जसं दिसतंय तसंच सगळं लावलंय, पण टाकी भरली तरी पंप थांबतच नाही."

त्याच्याकडे हा दोष कायमचा होता, माझ्याकडे अधूनमधून येणारा. लक्षण एकच असल्यामुळे आम्ही दोघेही रचनेतच काही चूक असणार असे धरून चाललो होतो. पुढे तीन संध्याकाळी नीट छायाचित्रे काढल्यावर जे कळले ते असे, की त्याच्या बोर्डातला दोष माझ्या छायाचित्रांनीच निर्माण केला होता आणि माझ्या बोर्डातला दोष छायाचित्राशिवाय दिसणार नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे. घरी सर्किट जुळवणारे बहुतेक जण छायाचित्र काढतात ते काम पुरे झाल्याच्या आनंदात. ते छायाचित्र पुढे कोणीतरी वाचणार आहे, आणि त्यात जे दिसत नाही ते त्या वाचणाऱ्यासाठी अस्तित्वातच नाही, हे तेव्हा लक्षात येत नाही.

पहिली छायाचित्रे कुठे चुकली

ती आठ छायाचित्रे आज पुन्हा उघडली की त्यांतले दोष चटकन दिसतात. त्या रात्री ते दिसले नव्हते, कारण बोर्ड माझ्या रोजच्या ओळखीचा होता आणि छायाचित्रात जे नव्हते ते मी आठवणीने भरून काढत होतो. वाढवलेल्या रेझिस्टरचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी आणि सोनेरी आहेत, म्हणजे दहा किलोओहम, पाच टक्के. छायाचित्रात तिसरा पट्टा लाल दिसतो. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक किलोओहम, आणि भाच्याने प्रामाणिकपणे तोच लावला.

नारिंगीचा लाल होण्यामागे दोन कारणे होती. पिवळसर दिव्याच्या उजेडात निळ्या-हिरव्याचा भाग कमी असतो, त्यामुळे तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तिन्ही रंग एकमेकांकडे सरकतात. मोबाइलने आपल्या समजुतीप्रमाणे केलेली रंगांची दुरुस्तीही त्यात पडते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाव वॅटच्या रेझिस्टरची लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यावरचा एकेक पट्टा एका मिलिमीटरहूनही अरुंद. संपूर्ण बोर्ड एका चौकटीत घेतल्यावर आणि छायाचित्र मेसेजमधून जाताना आकाराने लहान झाल्यावर एका पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम चार-पाच पिक्सेल उरले. जेपीईजी पद्धतीत उजळपणाची माहिती पूर्ण बारकाव्याने ठेवली जाते, परंतु रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी निम्म्या बारकाव्याने साठवली जाते. म्हणजे पट्ट्याची कड ठळक दिसते, पण त्याचा रंग शेजारच्या रंगात मिसळतो. पाहणाऱ्याला छायाचित्र स्पष्ट वाटते आणि रंग मात्र चुकीचा असतो. अस्पष्ट छायाचित्रापेक्षा असे छायाचित्र जास्त फसवते, कारण ते पाहून कोणी पुन्हा विचारत नाही.

या एका पट्ट्याने काय झाले ते आकड्यांत सांगता येते. माझ्या टाकीत दोन पट्ट्यांमधल्या पाण्याचा रोध मी मोजला तेव्हा तो २० किलोओहमच्या आसपास आला. १२ व्होल्टवर त्यातून सुमारे ०.५६ मिलिअँपिअर प्रवाह बेसकडे येतो. बेसवर ०.७ व्होल्ट असताना दहा किलोओहमचा रेझिस्टर त्यातला फक्त ०.०७ मिलिअँपिअर ग्राउंडला नेतो, उरलेला बेसला मिळतो आणि ट्रान्झिस्टर रिलेच्या कॉइलचा ३० मिलिअँपिअर प्रवाह आरामात ओढतो. तिथे एक किलोओहम लावला तर त्याला एकट्यालाच ०.७ मिलिअँपिअर लागतो, म्हणजे पाण्यातून येणाऱ्या सगळ्या प्रवाहापेक्षा जास्त. बेसला काहीच उरत नाही आणि पाणी पट्टीला टेकले तरी सर्किटला ते कळत नाही. भाच्याचा पंप थांबत नव्हता तो यामुळे.

मांडणी

हे सगळे अर्थातच नंतर उलगडले. त्याच्या फोननंतर मी एवढेच ठरवले, की बोर्ड खोक्यातून काढून त्याची नीट, जवळून छायाचित्रे घ्यायची. सर्किटची एक बाजू २३० व्होल्टला जोडलेली असल्याने सर्वांत आधी वीज तोडणारा एमसीबी पाडला, काँटॅक्टरकडच्या वायरी सोडवल्या आणि वीजपुरवठ्यातला कॅपॅसिटर रिकामा झाल्याचे मीटरने तपासले. जवळून छायाचित्र घेताना लेन्सची धातूची कड आणि आपली बोटे बोर्डापासून काही सेंटीमीटरवर असतात, म्हणून मेनशी जोडलेल्या बोर्डाचे असे छायाचित्र कधीही घेऊ नये.

कॅमेरा धरण्यासाठी मी जुन्या एनलार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याच्या यंत्राचा) स्टँड वापरला. डार्करूम बंद झाल्यावर फोटो स्टुडिओंतून हे स्टँड भंगारात गेले आणि जुन्या बाजारात ते अजूनही अधूनमधून सापडतात. जड लाकडी पाट, उभा धातूचा खांब आणि दात्यांवर वरखाली होणारा हात ही रचना बोर्डावर सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी जणू मुद्दाम केल्यासारखी आहे. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर सेन्सरचा जुना डीएसएलआर आहे. मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. एक ५० मिलिमीटरची, ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याचे भोक लहानमोठे करणारी) कडी असलेली जुनी लेन्स मी दोन प्रकारे वापरली. संपूर्ण बोर्डासाठी ती सरळ बसवून मागे १२ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे सरकवणारी पोकळ नळी) लावली, त्यामुळे विशालन साधारण १:४ झाले, म्हणजे सेन्सरवरचे चित्र वस्तूच्या पाव आकाराचे, आणि नऊ गुणिले सहा सेंटीमीटरचा बोर्ड चौकटीत नेमका मावला. एकेका जोडासाठी तीच लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी बसवली आणि ट्यूबा कमीजास्त करून १:१ विशालन जुळवले. विशालन जुळले की नाही हे पाहायला स्टीलच्या पट्टीचे छायाचित्र पुरते. चौकटीत आडवे साडेतेवीस मिलिमीटर दिसले की १:१ झाले. ॲपर्चरची कडी नसलेली आजकालची लेन्स उलटी बसवली तर ॲपर्चर हाताने बदलता येत नाही, म्हणून या कामाला जुनी लेन्सच बरी पडते. उलट्या लेन्सपासून बोर्ड आठ-नऊ सेंटीमीटर अंतरावर राहतो, आणि पुढच्या सगळ्या कामात ही मोकळी जागा माझ्या उपयोगी पडली, कारण उजेड तिथूनच आत सोडायचा होता.

१:१ विशालनात सेन्सरवरचा एक पिक्सेल बोर्डावरच्या सुमारे चार मायक्रॉनएवढा असतो, म्हणजे एक शतांश मिलिमीटरच्या थरथरीनेही चित्र दोन-तीन पिक्सेल पसरते. छताचा पंखा बंद, कॅमेऱ्यातला आरसा आधी वर उचललेला, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, आणि खोलीत कोणीही चालायचे नाही, एवढे पाळावेच लागले.

पहिली संध्याकाळ: भागांची बाजू

रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि रिले असलेल्या वरच्या बाजूचे काम तुलनेने सोपे होते. दुपारी चारच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड, समोरच्या बाजूला थर्मोकोलचा एक तुकडा आणि शेजारी करड्या रंगाचे एक कार्ड, एवढ्यावर रंग बरोबर आले. त्या कार्डाच्या आधाराने नंतर संगणकावर पांढऱ्याचा तोल जुळवला आणि नारिंगी पट्टा नारिंगी दिसला. छायाचित्र मूळ आकारात, फाइल म्हणून पाठवल्यावर सांगलीहून अर्ध्या तासात उत्तर आले, "मामा, मी वन के लावलाय!" त्याने रेझिस्टर बदलला आणि त्याच दिवशी त्याचा पंप वेळेवर थांबला.

रिले बोर्डापासून सुमारे १५ मिलिमीटर उंच आहे. १:४ विशालनात एफ/८ ॲपर्चरला (एफचा आकडा जितका मोठा तितके भोक लहान) स्पष्ट दिसणारी खोली सहा मिलिमीटरच्या आसपास मिळते, म्हणून फोकस थोडाथोडा सरकवत पाच छायाचित्रे घेऊन ती एन्फ्यूज या मोफत सॉफ्टवेअरने एकत्र, म्हणजे स्टॅक, केली. त्यात एक्स्पोजर आणि रंगाच्या गडदपणाला शून्य वजन देऊन फक्त कॉन्ट्रास्टवर निवड करायला लावली, तर निकाल चांगला येतो. उंच भागांच्या कडेला मात्र धुरकट वलय राहते. रिलेच्या पायथ्याशी असलेल्या डायोडवरचा पट्टा त्या वलयात अर्धा झाकला गेला होता. डायोडचा पट्टा कोणत्या बाजूला आहे ही तर सर्किटमधली जीवनमरणाची गोष्ट, म्हणून त्याचे वेगळे, एकाच फोकसचे छायाचित्र जोडून दिले.

पुरवठा १२ व्होल्टवर स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ या भागावरची अक्षरे लेसरने कोरलेली असल्याने समोरच्या उजेडात पुसटशीही दिसत नव्हती. अशा अक्षरांवर खडूची भुकटी बोटाने हलकेच चोळली की ती वर येतात. रिलेच्या निळ्या प्लॅस्टिकवरची छापील अक्षरे चकाकीखाली दडली होती, तिथे लेन्सवरचा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) फिरवल्यावर ती गेली. पेटलेल्या एलईडीसाठी बोर्डाला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून दोन एक्स्पोजर घेतले, एक बोर्डाच्या उजेडाप्रमाणे आणि दुसरे फक्त एलईडीप्रमाणे, नाहीतर लाल एलईडी मधोमध पांढराफेक दिसतो आणि तो लाल की हिरवा ते ओळखता येत नाही.

दुसरी संध्याकाळ: सोल्डरची बाजू

भाच्याचा प्रश्न सुटला होता, माझा सुटला नव्हता. खालच्या बाजूची छायाचित्रे मी खरे तर त्याला वायरींची वाट कळावी म्हणून घेणार होतो. या बाजूला रंगाचे महत्त्व कमी आणि आकाराचे जास्त. मला वाटले, सगळे काही एकाच वेळी स्पष्ट दिसावे, म्हणून मी ॲपर्चर एफ/२२ ला नेले, आणि उजेड सगळीकडून सारखा पडावा म्हणून लेन्सभोवती एलईडीची गोल रिंग लावली. छायाचित्रे दिसायला देखणी आली. प्रत्येक जोडावर प्रकाशाचे एक नाजूक वर्तुळ, पार्श्वभूमी एकसारखी, कुठेही काळी सावली नाही. त्यांत मला एकही दोष सापडला नाही.

या छायाचित्रांत दोन वेगवेगळ्या चुका होत्या, आणि दोन्ही चुका चांगले छायाचित्र काढण्याच्या इच्छेतून झाल्या होत्या.

पहिली ॲपर्चरची. ॲपर्चर लहान केले की खोली वाढते हे खरे, पण प्रकाश लहान भोकातून जाताना विवर्तनाने पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका होतो. त्या ठिपक्याचे गणित जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्येच मांडले. हिरव्या उजेडासाठी त्याचा व्यास एफ-संख्येच्या साधारण १.३४ पट मायक्रॉन येतो. जवळच्या छायाचित्रणात आणखी एक गोष्ट विसरली जाते. १:१ विशालनात लेन्स सेन्सरपासून दुप्पट अंतरावर गेल्यासारखी वागते, म्हणून कडीवर एफ/२२ लिहिले असले तरी प्रत्यक्षात ते एफ/४४ असते. ठिपका झाला ५९ मायक्रॉनचा. माझ्या बोर्डातला दोष म्हणून पुढे जी भेग सापडली ती मोजली तेव्हा ३० मायक्रॉनच्या आसपास निघाली. भेगेच्या दुप्पट रुंदीच्या कुंचल्याने चित्र रंगवल्यावर भेग दिसणार कुठून? एफ/८ ला तोच ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो आणि एफ/५.६ ला १५ चा. स्पष्ट खोली एफ/२२ च्या पावणेदोन मिलिमीटरवरून एफ/८ ला साधारण ०.६४ मिलिमीटरवर येते, ही किंमत द्यावी लागते. पण सोल्डरच्या एका जोडाचा काठ पाहायला तेवढी खोली पुरते.

दुसरी चूक उजेडाची, आणि ती मला जास्त शिकवून गेली. सोल्डरचा चांगला जोड म्हणजे एक लहानसा गोलाकार आरसाच. त्याचा स्वतःचा रंग असा फारसा नसतो, त्यात भोवतालचे प्रतिबिंब दिसते आणि त्या प्रतिबिंबावरूनच आपण त्याचा आकार ओळखतो. रिंग लाइटने प्रत्येक जोडात सारखेच वर्तुळ उमटवले. भेगेत पडू शकणारी सावली तर एका बाजूने पडली की दुसऱ्या बाजूच्या उजेडाने पुसली जात होती. ट्रेसिंग पेपरच्या तंबूत बोर्ड ठेवूनही पाहिला, त्यात सगळे जोड पांढऱ्या ठिपक्यांसारखे सपाट झाले. मग दिव्यावर आणि लेन्सवर काटकोनात पोलरायझर लावले, तर धातूची सारी चकाकी गेली आणि सोल्डर काळपट राखाडी दिसू लागले. काळपटावर काळी भेग, म्हणजे पुन्हा काहीच नाही. फ्लक्सच्या (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेल्या राळेसारख्या द्रव्याच्या) थराखालची तांब्याची पट्टी पाहायला ही पद्धत उत्तम आहे, जोड तपासायला नाही.

तिसरी संध्याकाळ: तिरपा उजेड

दुसऱ्या दिवशी मी खोली पूर्ण अंधारी केली आणि एकच लहान टॉर्च, तोंडावर ट्रेसिंग पेपरचा एक पदर लावून, बोर्डाच्या पातळीपासून दहा-पंधरा अंश वर, एका कुशीने धरला. खेडेगावात संध्याकाळचे ऊन शेतावर आडवे पडले की एरवी सपाट दिसणाऱ्या जमिनीत नांगराची प्रत्येक तासरेषा दिसते, तसेच इथे झाले. जोडांच्या एका बाजूला उजळ कड, दुसऱ्या बाजूला सावली, आणि प्रत्येकाचा उंचवटा वेगळा कळू लागला. टॉर्चच्या समोरच्या बाजूला काळ्या कागदाची पट्टी उभी केल्यावर सोल्डरमध्ये तिचे गडद प्रतिबिंब पडून आकार आणखी ठळक झाला.

स्क्रू कनेक्टरच्या मधल्या पायाभोवती, पायापासून थोडे बाहेर, सोल्डरच्या उतारावर एक बारीक काळी चाप दिसली. पूर्ण कडी नव्हे, पाऊण वर्तुळ. वरच्या पट्टीची, म्हणजे टाकी भरली हे सांगणारी वायर याच पायाला येते.

परंतु काळी चाप म्हणजे भेगच असे नाही. जळलेल्या फ्लक्सची रेषाही तशीच दिसते आणि घरी जुळवलेल्या बोर्डावर ती सगळीकडे असते. म्हणून कॅमेरा, फोकस आणि एफ/८ तसेच ठेवून टॉर्च फक्त चार दिशांना फिरवला आणि चार छायाचित्रे घेतली. डाग असता तर चारही छायाचित्रांत तो तिथेच आणि तसाच दिसला असता. इथे उजेड डावीकडून असताना रेषेची डावी कड काळी होती आणि उजवी उजळ, उजेड उजवीकडून आल्यावर ते उलटे झाले. म्हणजे तिथे खरोखरच खोल कडा होत्या. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जागा स्वच्छ करून पुन्हा एक छायाचित्र घेतले, रेषा तशीच राहिली. ही सगळी एकेरी छायाचित्रे आहेत, स्टॅक केलेली नाहीत. स्टॅकिंगचे सॉफ्टवेअर दोन चौकटी जिथे जोडते तिथे कधीकधी नसलेली कड उमटते आणि असलेली पुसली जाते, म्हणून दोषाचा पुरावा म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

मीटरने तपासले तर त्या पायापासून तांब्याच्या पट्टीपर्यंत सलग जोड असल्याचा आवाज येत होता. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने कनेक्टर बाजूला हलकेच दाबला, आवाज बंद झाला. सोडला, पुन्हा सुरू. सहा महिने जो दोष हाताला लागत नव्हता तो इथे होता. पट्टी स्वच्छ करताना मी वायर हलवत असे, त्यामुळे भेगेचे काठ पुन्हा टेकत आणि मला वाटे की क्षार काढल्याने काम झाले.

भेग पडली ती का, हेही छायाचित्रांतून कळले. झिरो पीसीबी एका बाजूचा असतो. त्याच्या भोकांच्या आत तांब्याचा थर नसतो, त्यामुळे सोल्डर भोकात शिरून पायाला आतून धरत नाही, वरच्या तांब्याच्या पातळ कडीवरच सगळा भार येतो. स्क्रू कनेक्टरमध्ये वायर आवळताना स्क्रूड्रायव्हरचा पीळ थेट त्या कडीला बसतो. मी दर पावसाळ्यापूर्वी वायरी सोडून, पुन्हा कसून आवळत होतो, आणि त्या काळजीनेच जोड हळूहळू फाटत गेला. विद्युतप्रवाह इथे एका मिलिअँपिअरच्याही आतला असल्याने जोड तापत नाही, काळवंडत नाही, वासही येत नाही. नुसत्या डोळ्याला तो चकचकीत आणि निरोगीच दिसतो. माझे सोल्डर टिन-शिशाचे आहे, म्हणून चकाकी असणे स्वाभाविकच होते. शिसेविरहित सोल्डरचा चांगला जोडही मुळात काहीसा मळकट दिसतो, त्यामुळे चकाकीवरून निकाल देण्याची आपली सवय दोन्हीकडे फसवते.

दुरुस्ती आणि नंतरची छायाचित्रे

तिन्ही पायांवरचे जुने सोल्डर शोषून काढले, पाय थोडे वाकवून तांब्याच्या कडीवर आडवे टेकवले, नवे फ्लक्स लावून ६३/३७ सोल्डरने जोडले आणि मधल्या पायावरून शेजारच्या पट्टीपर्यंत कापलेल्या रेझिस्टरच्या पायाचा एक तुकडा वेगळा जोडला. कनेक्टरच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी इपॉक्सी भरले, म्हणजे पुढचा पीळ सोल्डरला न बसता बोर्डाला बसेल. काम झाल्यावर त्याच स्टँडवर, त्याच विशालनात, त्याच चार दिशांच्या उजेडात पुन्हा छायाचित्रे घेतली. आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवल्यावरच दुरुस्ती झाली असे मी मानले, कारण मीटर तर आधीही होकारच देत होता.

भाच्याला पाठवलेला अंतिम संच अकरा छायाचित्रांचा झाला. वरची बाजू संपूर्ण, रेझिस्टरचे दोन जवळचे तुकडे, डायोड, ७८१२, रिलेवरची अक्षरे, खालची बाजू संपूर्ण आणि कनेक्टरच्या जोडाची चार. प्रत्येकात कडेला मिलिमीटरची पट्टी आहे. खालच्या बाजूच्या छायाचित्राची एक आडवी उलटवलेली प्रतही दिली, म्हणजे वरून पाहताना तांब्याची पट्टी कुठून कुठे जाते ते मनात उलटवावे लागत नाही. जोडाची छायाचित्रे पाहून त्याने आपलाही कनेक्टर लगेच इपॉक्सीने पक्का केला.

त्याच्याकडे डीएसएलआर नाही. त्याने घड्याळजींचे दहापटीचे भिंग मोबाइलच्या मुख्य लेन्ससमोर धरून, मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवून आणि टॉर्च कुशीने लावून आपल्या जोडांची छायाचित्रे पाठवली. चौकटीच्या कडा त्यात वाकड्या आणि रंगीत दिसतात, मधला भाग मात्र तपासणीला पुरेसा आहे. मोबाइलमध्ये दिलेला वेगळा, कमी पिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा त्याने आधी वापरून पाहिला होता, त्यापेक्षा हे कितीतरी सरस आले. बोर्डाची सपाट बाजू संपूर्ण नोंदवायची असेल तर त्याच्या महाविद्यालयातला फ्लॅटबेड स्कॅनरही चालतो. १२०० डीपीआयला एक पिक्सेल २१ मायक्रॉनचा पडतो आणि उजेडाची दिशा नेहमी एकच राहते. पण पायांच्या टोकांमुळे बोर्ड काचेपासून दोन मिलिमीटर वर राहतो, आणि पातळ, सीआयएस प्रकारच्या स्कॅनरची खोली इतकी कमी असते की तांब्याच्या पट्ट्या पुसट येतात. जुना, जाड, सीसीडी प्रकारचा स्कॅनर असेल तरच तो मार्ग घ्यावा, असे मी त्याला कळवले.

वहीतल्या आकृतीत दहा किलोओहमचा रेझिस्टर आता उतरवला आहे आणि त्या पानाला छायाचित्रांच्या फोल्डरचे नाव लिहून ठेवले आहे. दुरुस्तीनंतर टाकी एकदाही वाहिलेली नाही. रिलेचे पाच पाय मी गेल्या आठवड्यात पुन्हा तिरप्या उजेडात पाहिले. रिले दर वेळी आपटतो तो धक्काही त्या पातळ कड्यांनाच बसतो. त्यांतल्या कॉइलच्या एका पायाजवळ, फक्त पश्चिमेकडून उजेड असलेल्या छायाचित्रात, केसाएवढी एक रेषा दिसते. उरलेल्या तीन दिशांच्या छायाचित्रांत ती नाही आणि अल्कोहोलने पुसून अजून पाहिलेली नाही. येत्या रविवारी एमसीबी पाडून ते काम करायचे आहे.